फियाटच्या पाच वायरी

"पैज लावून सांगतो, ही गोष्ट जगात कोणी खरी मानणार नाही!" भिवाआजोबांनी सुरुवातच अशी केली.

परभणीहून सुट्टीला आलेला प्रज्वल पुढे सरकला. आजोबांची चिखलीतली नातवंडं, मैत्री आणि आयुष, शेजारीच बसली होती. गोष्टीत तीही होती, म्हणून आत्तापासूनच खुदुखुदु हसत होती.

आजोबा सांगू लागले.

गेल्या शनिवारची सकाळ. आजोबांची पंचावन्न वर्षांची पांढरी फियाट शेडमध्ये उभी होती. उंदरांनी तिच्या प्लगच्या वायरी कुरतडल्या होत्या, म्हणून नव्या बनवून घातल्या. पण किल्ली फिरवली की गाडी एवढ्या जोरात खोकायची, की तिकडे तळवड्याच्या आयटी पार्कातले लोक खिडक्या लावून घ्यायचे!

चतुराआजी कमरेवर हात ठेवून उभ्या. "चारला भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. तवर चालू झाली तर ठीक, न्हाईतर ही बया गेली!"

आजोबांचा चेहरा पडला. याच गाडीतून ते आजींना घेऊन अख्खं कोकण फिरले होते.

"प्लग नवे, वायरी नव्या, मग खोकते का?" मैत्रीने बॉनेटखाली डोकावलं. "आणि या वायरी बांधल्यात कोणी?"

"शेजारच्या नवनाथने!" आजोबा म्हणाले.

नवनाथ म्हणजे चाकणच्या कंपनीतला माणूस. नव्या गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधण्यात त्याची हयात गेली. हातच तसा बसलेला! वायरी दिसल्या की एकत्र घ्यायच्या, काळी टेप गुंडाळायची आणि पट्ट्या आवळायच्या.

"अंधार केला तर ठिणगी कुठे उडते ते दिसेल!" म्हणत मैत्रीने धावत जाऊन गोधडी आणली. तिने आणि आयुषने ती बॉनेटवर तंबूसारखी धरली आणि आतल्या अंधारात डोकी घातली.

"पंख्यापासून लांब ऱ्हावा रे!" आजी ओरडल्या.

"आजोबा, मारा किल्ली!"

कट! कट! कटकट! टेपमधून निळ्या ठिणग्या या वायरीवरून त्या वायरीवर उड्या मारत होत्या!

"सापडलं!" मैत्री किंचाळली. "वीज प्लगपर्यंत पोचतच नाही! वाटेतच शेजारणीच्या घरी जाते!"

किल्ली काढल्यावर आयुषने टेप सोलली. "हात्तिच्या! ही तर दिव्याची पातळ वायर! प्लगला हजारो व्होल्ट लागतात, राव!"

दोघांनी सायकली हाणल्या. स्पेअर पार्टच्या दुकानातून जाड रबरी वायर आणि पितळी टोप्या आणल्या. चार वायरी प्लगच्या, एक विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलची. जुन्या वायरी शेजारी ठेवून मापं घेतली. टोकाचं रबर सोललं, तांब्याच्या तारा मागे दुमडल्या, टोपी चढवली आणि पकडीने दाबली. मैत्रीने ओढून पाहिली, तर टोपी हातात!

"घ्या! ही तर गाडीआधी भंगारात जाणार!"

"गप गं! परत करतो!" आयुषने दात-ओठ खाऊन दाबली. या वेळी टोपी हलेना.

आता वायरी एकमेकींपासून लांब कशा ठेवायच्या? आयुषने आजोबांची जुनी हवाई चप्पल उचलली, तिचा तुकडा कापला आणि चार भोकं पाडली. प्रत्येक भोकात प्लगची एक वायर!

"अरे, माझी चप्पल!" आजोबा ओरडले.

"आता ती गाडी चालवणार, आजोबा!"

चारला पाच कमी. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आजोबांनी डोळे मिटून किल्ली फिरवली.

घुर्रर्र! ना खोकला, ना शिंक! भंगारवालाच टाळ्या वाजवू लागला. सगळ्यांना घेऊन गाडी अशी सुटली, की दिघीचा चढ तिला उतारच वाटला! वाटेत दोन विमानांनी बाजूला होऊन तिला रस्ता दिला!

"व्हय रं माझ्या वाघांनो!" आजींनी दोघांना जवळ ओढलं. "कंपनीतल्या इंजिनिअरलाबी जमलं नसतं! ऱ्हाऊ दे गाडी घरात!"

"आणि मग," आजोबा प्रज्वलकडे पाहत म्हणाले, "नवनाथने कान पकडले. मीही मोठ्या मनाने त्याला माफ केलं."

"आजोबा, थापा!" मैत्री उसळून उभीच राहिली. "नवनाथकाका पंधरा दिवसांपासून गावाला गेलेत! चाकणला तीस वर्षं जुडगे तुम्ही बांधलेत, टेप तुम्ही गुंडाळलीत, आणि आजीसमोर कान पकडले तेही तुम्हीच!"