पॅरिसच्या घड्याळाची चाल

"अबब!"

पाऊस चुकवायला म्हणून क्षितिज स्टुटगार्टमधल्या त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरला आणि दारातच थबकला. समोर काचेच्या घुमटाखाली घड्याळ होतं... सोन्यानं मढवलेलं! गुलाबांच्या माळा, त्यांना रेलून बसलेली देवी, निळ्या तबकडीवर केसासारखे नाजूक काटे. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या कुणा कारागिरानं त्या देवीच्या पायाची नखंसुद्धा जीव ओतून घडवली होती. शेजारच्या गेर्लिंगेन गावात दिवसभर यंत्रांशी झटणाऱ्या आपल्या इंजिनिअरनं चक्क हात जोडले.

"दर्शन घ्या, पण हात लावू नका हं!" मागून मराठीत आवाज आला. त्याच्या 'अबब'नं त्याचं मराठीपण उघडं पाडलं होतं.

ती स्वरूपा. जुन्या धातुकामावर पीएचडी करणारी, शनिवारी हे दुकान सांभाळणारी.

मग काय, क्षितिजचा प्रत्येक शनिवार तिथेच जाऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"घड्याळच बघायला येतोस ना?" ती मिश्कीलपणे विचारायची.

"गेनाऊ... म्हणजे, हो," तो कानापर्यंत लाल व्हायचा. मनातलं काही ओठांवर येईना.

आणि एका शनिवारी ती म्हणाली, "ड्रेस्डेनच्या म्युझियममध्ये जॉब मिळालाय. सोमवारी निघते."

तिनं आज नव्या टेबलावर मांडलेलं ते घड्याळ नेमकं तेव्हाच बंद पडलं. काहीतरी करायचं म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवून त्यातल्या अ‍ॅपनं पातळी मोजली. "एकदम लेव्हल आहे! चालायलाच हवं."

स्वरूपा खुदकन हसली. "अरे, याला मोजमाप नाही, कान लागतो."

तिनं काचेचा घुमट उचलून लंबकाला हलकेच झोका दिला. "ऐक... लंगडतंय." दोघांची डोकी जवळ आली. कागदाची घडी तिनं घड्याळाच्या एका पायाखाली जराशी सरकवली... टिक—टॉक, टिक—टॉक. चाल सरळ झाली! क्षितिजच्या अंगावर काटा आला. घडवणारे हात कधीच मातीत गेले, आणि हे अजून जिवंत! त्यानं वळून पाहिलं, तर स्वरूपाही पहिल्यांदाच बघावं तशी भारावून बघत होती. आता मात्र त्याला राहवेना.

"स्वरूपा... मला तू आवडतेस. खूप."

तिनं घुमट परत घड्याळावर ठेवला.

"आत्ता सांगतोस होय रे? बॅगा भरल्यावर?" तिचे डोळे भरले होते, ओठ मात्र हसत होते. "ड्रेस्डेन लांब आहे. त्यात इथल्या ट्रेन्स, कायम उशिरा! शनिवारी निघालास तर रविवारी पोचशील."

"मग शुक्रवारीच निघेन," तो म्हणाला.