कानात सांगायचं नाव

"जुस्सी नाही हो... युस्सी. ते लोक 'जे'चा उच्चार 'य' करतात."

मी दचकून मागे वळले. जळगावच्या बसस्थानकाजवळचं झेरॉक्सचं दुकान, एप्रिलची दुपार, कूलर नुसताच घरघरणारा. माझ्यामागे रांगेत एक उंच, सावळा तरुण उभा होता. हातात विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मी हातातल्या कागदावरची नावं पुटपुटत होते आणि तो ती ऐकत होता, हे लक्षात येऊन माझे कान तापले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"दोन वर्षं होतो तिकडे. फिनलंडला." तो ओशाळला. "माफ करा हं. पण इतक्या दिवसांनी ती नावं ऐकली... आणि तीही इथे, झेरॉक्सच्या रांगेत."

एरवी मी अनोळखी माणसाशी बोलले नसते. पण त्या दिवशी माझ्यापाशी फक्त तीन दिवस होते.

मी चारुलता. गाव असोदा, घरची केळीची शेती. जळगावात केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझा मोठा भाऊ तेजस नोकरीसाठी फिनलंडला गेला, औलू नावाच्या शहरात, आणि तिथल्याच आइनोशी त्यानं लग्न केलं. त्या दिवसापासून नाना, म्हणजे आमचे वडील, त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. दोन वर्षं झाली होती. आई चोरून बोलायची, मी उघड बोलायचे, आणि नाना दोन्ही वेळा उठून मळ्यात जायचे.

आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता. आइनो सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा झाला. वजन बाराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलंय.

"शुक्रवारी दवाखान्यातच नाव ठेवायचंय, चारू. आइनोच्या आईला बिननावाचं बाळ तसंच पडून राहिलेलं सहन होत नाहीये. मी सांगितलं, आमच्याकडे नाव आत्या ठेवते. त्या दोघी हो म्हणाल्या. फक्त नाव फिनिश असू दे. यादी पाठवतो... आणि चारू, लवकर. डॉक्टर नीटसं काही सांगत नाहीत."

यादीत तेवीस नावं होती. मोबाइलवर शोधलं तर एकेका नावाचे तीन-तीन अर्थ निघत होते. आणि चुकीचं नाव कानात सांगितलं तर? बाळाच्या कानात जाणारा माझा पहिलाच शब्द चुकला तर?

हे सगळं मी त्या माणसाला भडाभडा सांगून टाकलं. त्यानं गठ्ठा काउंटरवर ठेवला.

"मी अमृत. इथल्या तंत्रनिकेतनात शिकवतो. उद्या चार वाजता मोकळे असाल तर... समोर रसवंती आहे."

दुसऱ्या दिवशी मी पावणेचारलाच पोचले. तो आधीच येऊन बसला होता. उसाच्या रसाच्या दोन ग्लासांमध्ये आम्ही कागद पसरला.

"बऱ्याच नावांचं मूळ बायबलात आहे," तो सांगू लागला. "पण यांच्या जिभेवर येऊन ती पार बदलली. योहान्नेसचा झाला युहानी, त्याचा युस्सी. हेन्रिकचा हेइक्की. पूर्वी तिथे स्वीडनचं राज्य होतं ना, त्यामुळे चर्चच्या वहीत स्वीडिश नाव लिहायचे आणि घरात हाक आपली वेगळीच."

"म्हणजे आमच्यासारखंच. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर आणि गल्लीत न्यान्या."

तो मोकळेपणानं हसला. मला वाटलं, हा माणूस फार दिवसांत हसलेला नसावा.

"मग शे-सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी ठरवलं, आपल्या भाषेतलीच नावं ठेवायची. साधे रोजचे शब्द. तोइवो म्हणजे आशा. ओन्नी म्हणजे सुख, नशीब. उर्हो म्हणजे शूर. मी शिकता शिकता एका वृद्धाश्रमात काम करायचो. तिथे ही सगळी नावं म्हातारी होऊन बसली होती." त्याचं बोट कागदावरून हळूहळू सरकत होतं. "उर्हो आजोबा इंजेक्शनला घाबरायचे. कौको म्हणजे दूरचा, पण ते जन्मात गाव सोडून कुठे गेले नव्हते. ओन्नी आजोबांना भेटायला कुणीच यायचं नाही, तरी रोज दाढी करून बसायचे."

"आणि हे... अर्मास?"

बोट थांबलं.

"अर्मास म्हणजे..." त्यानं ग्लास उचलला, रिकामा होता, परत ठेवला. "म्हणजे लाडका. प्रिय."

"इतका सोपा अर्थ, मग सांगायला एवढा वेळ का लागला?"

"शिकवायची सवय आहे. थांबून थांबून बोलतो."

"उर्होच्या वेळी नाही थांबलात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि पटकन रस्त्याकडे. मला हसू आलं आणि लगेच अपराधी वाटलं. तिकडे बाळ काचेत होतं, आणि मी इथे एका माणसाला लाजताना बघत होते.

"तुम्ही परत का आलात?" मी विचारलं.

"आबांना अर्धांगवायू झाला. माझे वडील. धुळ्याला असतात. शिक्षण अर्धंच राहिलं." मग जरा थांबून म्हणाला, "पश्चात्ताप नाही. पण तिकडचं कुणी विचारतही नाही. तुम्ही पहिल्या."

नाव काही ठरलं नाही. निघताना त्यानं नंबर दिला. "कितीही वाजता करा," म्हणाला.

गुरुवारी सकाळी अकराला मी प्रयोगशाळेत रोपांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. दादाचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"चारू, पहाटे त्याचा श्वास थांबला होता. वीस सेकंद. आता घेतोय... पण आइनोची आई म्हणते, उद्यापर्यंत नको थांबायला. तासाभरात फोन करतो. नाव सांग."

आईला सांगायचं होतं. नानांना तर बाळ झाल्याचंच माहीत नव्हतं. असोद्याची बस केव्हा मिळेल, रिक्षा मिळेल का... मी अमृतला फोन लावला. वीस मिनिटांत तो मोटारसायकल घेऊन फाटकापाशी उभा होता. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "घट्ट धरा." मी धरलं. गरम वाऱ्यानं डोळे चुरचुरत होते, की मी रडत होते, कोण जाणे.

नाना ओट्यावरच बसले होते. माझ्यामागून परका माणूस उतरलेला पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली. मी आईला मिठी मारली आणि सगळं सांगून टाकलं, नानांना ऐकू जाईल अशा आवाजात. नाना उठले. मला वाटलं, निघाले मळ्यात. पण ते खांबाला धरून तिथेच उभे राहिले.

"तुम्ही कोण?" त्यांनी अमृतला विचारलं.

"मी अमृत. तिथली भाषा थोडी येते, म्हणून ताईंना..."

"कुठले?"

"धुळ्याचा."

"आडनाव?"

त्यानं सांगितलं. आमच्या समाजातलं नव्हतं. नानांनी मान फिरवली.

कागद आईच्या मांडीवर पसरला. मी एकेक नाव वाचत गेले आणि अमृत उंबऱ्याबाहेरूनच अर्थ सांगत गेला. ताउनो, शांत, सौम्य. वेइक्को, भाऊ, गडी. आई प्रत्येक नावाला नुसतीच मान हलवायची. "माह्या जिभेले वळत नाही व बाई..."

"तापिओ," मी वाचलं.

"काय म्हनलीस?" आईनं मान वर केली. "तापी?"

"तापिओ," अमृत म्हणाला. "जुन्या गाण्यांतला रानाचा देव. शिकारी रानात शिरण्याआधी त्याला आळवायचे. नदीशी त्याचा काही संबंध नाही, काकू. तो नुसता योगायोग."

"असू दे ना." आईचे डोळे भरले. "तापीच्या पान्यावर वाढलेल्या घरातलं लेकरू आहे ते."

"तापी बाईचं नाव आहे," नाना खांबाला धरूनच म्हणाले. मग ते हळूच म्हणाले, "पण तो 'ओ' लावला तर... चालते का तिकडं पोराले?"

"चालतं, नाना," अमृत म्हणाला. "माझ्या वर्गात दोघं होते त्या नावाचे."

फोन वाजला. पडद्यावर दादाचा सुकलेला चेहरा, मागे काच, नळ्या, आणि मुठीएवढं एक डोकं. नर्सनं पेटीची छोटी खिडकी उघडली. दादानं फोन तिथे धरला. हे नाव ऐकल्यावर तरी थांबेल ना हा? की नाव घेऊनच जाईल?

"कुर्रर्र..." मी म्हटलं. "तापिओ... तापिओ... मी तुझी आत्या."

पाठीवर हलके बुक्के बसले. आई रीत पाळत होती आणि रडत होती. आणि मग आईच्या बुक्क्यांमध्ये आणखी एक बुक्का बसला, जड हाताचा. नानांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"तेजा," ते म्हणाले. मग पडद्यावरच्या काचेतल्या जिवाकडे बघत राहिले.

मी वळून पाहिलं. उंबऱ्यापाशी कुणी नव्हतं. थोड्या वेळानं नाना एकटेच बाहेर गेले, आणि मग मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतर अमृतचा फोन नाही. मी संदेश पाठवला, 'तापिओ स्वतः श्वास घेतोय.' उत्तर आलं, 'खूप आनंद झाला.' बस. आठवड्यानं लिहिलं, 'चौदाशे ग्रॅम.' उत्तर नाही. इकडे नाना रोज संध्याकाळी दादाशी बोलत होते, घरात दोन वर्षांनी रेडिओ लागत होता, आणि मला मात्र अन्न गोड लागत नव्हतं. रसवंतीसमोरून जाताना मी मान खाली घालायचे. काही चुकलं का माझं? की त्याच्या मनात काही नव्हतंच, मीच एका थांबलेल्या बोटावरून घर बांधून बसले?

मे महिन्यात एके दिवशी नाना म्हणाले, "रविवारी वरणगावचे पाहुणे येतायत. पोरगा फॅक्टरीत आहे. आपल्यातलाच."

ताट पुढ्यातच होतं. मी हात धुतला.

"नाना, त्यांना नका बोलावू. मला अमृत आवडतात." मी ताट बाजूला सारलं. "त्यांचं मला माहीत नाही. ते फोनही करत नाहीत. पण माझं मला माहीत आहे."

आईनं पदर तोंडाला लावला. मी वाट बघत होते... नाना आता उठतील, आता मळ्याकडे जातील.

"तो फोन नाही करनार," ते शेवटी म्हणाले. "मीच सांगितलं होतं त्याले त्या दिवशी. म्हनलं, या घरातून एक पोरगं गेलं, दुसरं नेऊ नका. तो हात जोडून गेला."

"नाना!"

"ऐकून घे. मी हो म्हनत नाही. भाऊबंद काय म्हनतील, तुह्या मामाले काय सांगू, मले काही सुचत नाही." त्यांनी हाताचे तळवे एकमेकांवर चोळले. "पन तुह्याशी बोलनं नाही सोडनार. दोन वर्षं एकाशी नाही बोललो. तो काचेतला जीव पाहिला तेव्हा कळलं, किती मोठी चूक होती. पुन्हा तेवढा जीव नाही माह्यात."

सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणजे तो धुळ्याला असणार. शनिवारी सकाळी मी धुळ्याच्या बसमध्ये बसले. बस पारोळ्याला पोचल्यावर त्याला फोन केला. एवढंच म्हटलं, "मी येतेय. स्टँडवर या." आणि त्यानं काही म्हणायच्या आत बंद केला. ही माझी हिंमत नव्हती, भीती होती. तो नको म्हणाला असता तर मी मुकटी गावालाच उतरून परत फिरले असते.

तो स्टँडवर उभा होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. आम्ही उन्हात समोरासमोर उभे राहिलो.

"तापिओ...?" त्यानं घाबरून विचारलं.

"छान आहे. पेटीतून बाहेर आलाय." मी बॅगेचा पट्टा पिळत होते. "नानांनी मला सांगितलं, ते तुम्हाला काय म्हणाले ते. आणि मी नानांना सांगितलं... माझं. ते हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. आता तुमचं तुम्ही सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, मला बाराची बस आहे."

कंडक्टर साक्री, साक्री ओरडत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"घरी चला," तो म्हणाला. एवढंच.

वाटभर मला एकच कळेना. घरी चला म्हणजे काय? आईच्या हातचा चहा पाजून परत पाठवणार? देवपूर भागातल्या एका गल्लीत गाडी थांबली. ओसरीवर खाटेवर त्याचे आबा बसले होते, चुडामण आबा. डावा हात निर्जीव, पण नजर धारदार. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि अहिराणीत विचारलं,

"अमरित, हाई कोन शे?"

अमृत माझ्याशेजारी उभा राहिला. नेहमीसारखा थांबेल, शब्द शोधेल, असं वाटलं. पण तो अजिबात थांबला नाही.

"आबा, हाई चारू शे. मना जीव तिनावर शे."

त्याचा जीव माझ्यावर! माझ्या हातातली बॅग खाली पडली. आबांनी लेकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्ध्या तोंडानं, पण स्पष्ट, त्याच्यावर खेकसले,

"मंग तिले उनमा काब उभी करी? घरमा ये म्हन ना!"