नाल्यावरची रेघ

हे खरं आहे. मी विद्याधर, मुलुंडला राहतो. कोणाला पटवायची मला हौस नाही.

आम्ही सहा-सात जण हायवेचे नकाशे फुकट बनवतो. फोन चालू ठेवून रस्त्याने जायचं. फोन कुठून कुठे गेला, त्याची फाइल तयार होते. त्या फाइलवरून कॉम्प्युटरवर रस्त्याची रेघ काढायची. नियम एकच. जिथून कोणी गेलं नाही, तिथे रेघ काढायची नाही.

मी काढली.

हायवेलगतच्या सर्व्हिस रोडचे दोन तुकडे होते. मध्ये झाडी. वरून घेतलेल्या फोटोत रस्ता सरळ पुढे जातोय असं वाटलं. उन्हात कोण जाणार? घरी बसूनच जोडून टाकले.

पद्मजा, माझी बायको, हसली होती. "तुम्ही खुर्चीत बसून रस्ते बांधा. स्कूटरची चाकं माझीच झिजू देत!"

गेल्या नऊ एप्रिलला सकाळी अकरा वाजता ती नकाशासाठी दुकानांच्या पाट्या टिपायला निघाली. तिच्या फोनवर माझीच रेघ होती...

झाडीमागे उघडा नाला होता.

दीड तासाने तिला बाहेर काढलं. हॉस्पिटलात नर्सने तिच्या तोंडातला काळा गाळ बोटाने काढला. त्यात प्लास्टिक होतं, कोणाचे तरी केस होते. स्वतःच्या बायकोची किळस वाटली मला.

हे मी कोणाला सांगितलं नाही. रेघेचंही नाही.

तेरावं झाल्यावर ती रेघ गुपचूप पुसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेजलचा फोन आला. आमचा नकाशांचा ग्रुप तीच सांभाळते.

"काका, काकू गेल्या तिथे तुम्ही रेघ का टाकलीत? तुमच्याच नावाने दिसतेय. फाइलपण जोडलीय."

"कसली फाइल?"

"आज सकाळी अकराची. तुमच्या फोनची. नाल्याच्या या काठावरून त्या काठावर."

मी दिवसभर घरीच होतो. फोन उशाशी होता.

तेवढ्यात कानाला काहीतरी गार लागलं...

फोनच्या बारीक भोकांतून काळं पाणी गळत होतं. गालावरून मानेवर. तोच कुजका वास. त्यात एक लांब केस.

साबणाने कान सोलवटेपर्यंत धुतला. वास गेला नाही.

रेघ पुसली की सकाळी परत. नऊ वेळा.

मग तेजल म्हणाली, "काका, वाट लागली असती आज. नकाशा बघून एक बाइकवाला नाल्यात जाता जाता वाचलाय."

तेव्हा मी बोललो. "अगं, पहिली रेघ मीच काढली होती. तिथे न जाता."

"आणि काकू त्याच रेघेवरून...?"

"हो."

"शी, काका."

एवढंच. फोन ठेवला तिने. रात्री मी ग्रुपवरही सगळं लिहिलं.

त्या दिवसापासून रेघ परत आलेली नाही.

फाइल मात्र येते. रोज अकराला.

आता ती नाल्यातूनच सुरू होते. सर्व्हिस रोडने येते. हायवे ओलांडते. आधी गल्लीच्या तोंडाशी थांबायची. मग बिल्डिंगच्या गेटशी. मग जिन्यात...

परवापासून फाइलचा शेवटचा ठिपका आमच्या स्वयंपाकघरात असतो.

परतीचा एकही नाही.

दोन दिवस मी चहा बाहेरच पितोय.