तीन नंबरच्या रिंगणातला नारळ

गोगलगाय दुसऱ्यांदा त्याच वळणावर चुकली आणि पुष्कर रिंगणाच्या कडेला धावला.

गोगलगाय म्हणजे दहा वर्षांच्या भैरवी इंगोलेनं बनवलेलं यंत्र. काळ्या पट्टीवरून धावायचं, एवढंच तिचं काम. घरी ती शंभर वेळा बिनचूक धावली होती. इथे अमरावतीच्या स्पर्धेत, तीन नंबरच्या रिंगणात सगळ्यांत आधी तिचाच नंबर लागला, आणि ती पट्टी सोडून प्रेक्षकांच्या चपलांकडे निघाली.

पुष्कर विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. स्वयंसेवकाचा बिल्ला पाहून सकाळपासून मुलं त्याला 'सर' म्हणत होती. त्यानं एकदाही हरकत घेतली नव्हती.

"यंत्रात दोष. एकच संधी शिल्लक," पंचराव म्हणाले. पंचराव हेही यंत्रच. २०५१ सालापर्यंत माणसांना पंच म्हणून नेमणं बंद झालं होतं, कारण माणसांना भाचे-पुतणे असतात.

"दोष नाहीये!" भैरवीचे डोळे भरले. "दादा, तू बघ ना."

पुष्कर रिंगणात पालथा पडला. "हिला पट्टी कळते कशी?"

"पोटाखाली संवेदक आहे (म्हणजे यंत्राचा डोळा). तो खाली उजेड टाकतो. पांढऱ्या जमिनीवरून उजेड परत येतो, काळी पट्टी तो गिळून टाकते. उजेड परत आला नाही, की समजायचं आपण पट्टीवर आहोत."

पुष्करनं मनगटावरचा दिवा वळणावर धरला. काळी पट्टी आरशासारखी चमकली. त्यानं बोट लावलं. चिकट. मग, का कोण जाणे, बोट चाटलं.

गोड!

सकाळी उद्घाटनाच्या पाहुण्यांना उशीर झाला, तेव्हा सगळे म्हणाले, "पुष्कर, तूच वाढव नारळ." त्यानं तो इथेच वाढवला होता, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. उडालेलं पाणी रुमालानं टिपून स्वतःवर खूशही झाला होता. त्यानं भैरवीला ते सांगून टाकलं.

"पाणी सुकलं, पण गुळगुळीत थर उरला," भैरवी हळूच म्हणाली. "त्यावर परावर्तन झालं (म्हणजे उजेड आपटून परत फिरला). गोगलगायीला काळं पांढरं वाटलं!"

गुपचूप पुसून टाकता आलं असतं. पण मग गोगलगायीचा 'दोष' कायम राहिला असता. पुष्कर उठला.

"पंचराव, दोष यंत्रात नाही, माझ्यात आहे. नारळ मी वाढवला."

पंचराव बराच वेळ घुर्रघुर्र करत राहिले. "स्वयंसेवकाचा दोष नोंदवायला रकाना नाही. मात्र रिंगण सदोष असल्यास आधीचे प्रयत्न रद्द. नवी पट्टी लावा."

पट्टी बदलली. गोगलगाय निघाली. पहिलं वळण. दुसरं... पुष्करनं डोळे मिटले. टाळ्या ऐकू आल्यावरच उघडले.

"पुढच्या वर्षी मी एक तिरका डोळासुद्धा लावणार," भैरवी म्हणाली. "चकाकी समोर असली की सरळ डोळा फसतो, तिरका नाही फसणार."

"आणि मी?"

"तू नारळ बाहेर वाढव, सर."