दोन बोटांचं अंतर

सुरुची लेकीला, मैत्रीला घेऊन दिल्लीहून सकाळच्या विमानाने येणार होती. पोरीला सातवा महिना लागला होता आणि आज कसब्यातल्या आजोळी तिचं उष्टावण होतं. तिला मामा नाही, त्यामुळे पहिला घास भरवायचा मान आजोबांचा. श्यामसुंदर मास्तरांना त्या मानाचं दडपणच आलं होतं. आपला हात थरथरला तर? पोर बिचकली तर?

मन रमवायला त्यांनी पृथ्वीचा गोल पुढ्यात ओढला. उभा जन्म भूगोल शिकवला, तेव्हाची खोड. गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणायचा आणि तो बोटांनी मोजायचा. एका बोटाला विमानाचा साधारण एक तास. दिल्ली-पुणे दोन बोटं, दर खेपेस.

आज दोरा वीतभर भरला.

"अगं, जरा येतेस?"

"खीर लागेल खाली," श्यामलाताई ओट्यापासूनच म्हणाल्या. "लांबवा अजून मोतीबिंदूचं ऑपरेशन."

त्यांचं खरंच असेल, असं मास्तरांना वाटलं. चष्मा पुसून त्यांनी पुणे-कोलकाता मोजलं. बरोबर. पुणे-चेन्नई, तेही बरोबर. मग पुन्हा दिल्ली.

आता वीतभर दोराही पोचेना.

डोळ्यांना दोन्ही ठिपके होते तिथेच दिसत होते, शेजारी शेजारी. पुण्यावर अंगठा रोवून मास्तर दोरा सोडत राहिले. कुठे झोळ नाही, वळसा नाही. दोरा गोलाला घट्ट चिकटलेला आणि हातातलं रीळ रोडावत चाललेलं. लेक आणि नात ह्याच वाटेवर आहेत, हे त्यांना आठवलं. तरी हात थांबेना. एवढा दोरा मधल्या जागेत जातोय तरी कुठे?

रीळ संपलं. दिल्ली अजून पुढेच होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, उतरलो." सुरुचीच. अगदी वेळेवर.

"प्रवास बरा झाला ना गं?"

तिने हळूच विचारलं, "बाबा, आज तारीख काय?"

त्यांनी सांगितली.

"अजून आजच?" ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

ती आली तेव्हा मैत्री शालीत गुरफटून तिच्या खांद्यावर निजली होती. सुरुचीने आईला मिठी मारली ती सोडवेना.

"अगं, दिवाळीत तर भेटलो होतो," श्यामलाताई हसल्या. "जीव घेतेस की काय!"

सुरुची हसली नाही.

पाटावर बसून मास्तरांनी नातीला मांडीवर घेतलं. हाताला ती हलकी, हाडकुळी लागली. चांदीच्या वाटीतली खीर त्यांनी चमच्याने तिच्या ओठांशी नेली. हात थरथरला नाही.

चमचा दातांवर वाजला.

"अगो बाई! दात आले? बोलली नाहीस ती!" श्यामलाताई म्हणाल्या.



मैत्रीने आजोबांच्या हातातून चमचा काढून घेतला. एक थेंब न सांडता ती खाऊ लागली, सावकाश, मोठ्या माणसासारखी. वाटी निम्मी झाली तशी ती थांबली. चमचा चाटून पुसला, वाटीवर तळहात झाकला आणि वाटी आईपुढे सरकवली.

"आवडली नाही का गं तिला?" मास्तरांनी विचारलं.

"तसं नाही, बाबा." सुरुचीने वाटी जपून घेतली. "निम्मं ती विमानातल्या मागच्या रांगेसाठी ठेवते."