मशीन जाऊबाईंना विसरेना

हे मी रचून सांगत नाहीये, एवढं आधीच सांगते. ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढे वाचू नये. माझं काही अडलेलं नाही.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती. पहिली शिफ्ट सुटायची वेळ, ट्यूबलाइटचा लख्ख उजेड आणि धुलाईच्या मशिनांची धडधड.

जागा म्हणजे एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरातली लाँड्री. मी आणि माझी थोरली जाऊ, दोघी तिथेच कामाला. मी तिला ताई म्हणायचे.

वरच्या सगळ्या मजल्यांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे कपडे आमच्याकडे यायचे. त्याला काय काय लागलेलं असायचं ते सांगू नये, पण सांगते. रक्ताचं काही नाही हो, ते वाळून कडक होतं. पू मात्र चिकट राहतो. हातमोज्यातूनसुद्धा कळतो. एकदा तर चादरीच्या घडीत कुणाचा तरी दात निघाला होता. शी! 

लाँड्रीचे दोन भाग. इकडे मळकी बाजू, तिकडे स्वच्छ बाजू, मध्ये भिंत आणि भिंतीत एकच दार. मळकीतलं काम संपलं की आंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि मगच त्या दारातून पलीकडे जायचं. आंघोळ न करता पलीकडे पाऊल टाकलं की मुकादम असा ओरडायचा, की विचारू नका.

त्या दाराला आधी बोटाचं मशीन होतं. पण ब्लीच आणि गरम पाण्याने आमच्या बोटांवरच्या रेषाच गुळगुळीत झालेल्या. बोट ठेवून ठेवून जीव जायचा, दार काही उघडायचं नाही. म्हणून चेहरा ओळखणारं मशीन आलं. खोटं कशाला बोलू, आम्ही खूश झालो. कुठे हात लावायला नको, काही नको. समोर उभं राहायचं, पडद्यावर आपला फोटो उमटायचा, आतली बाई गोड आवाजात म्हणायची, "ओळख पटली. आत या." आणि कडी टक् करून उघडायची. एकीची हजेरी दुसरीने लावायची चलाखीसुद्धा बंद झाली.

मशीन बसवणाऱ्या पोराला मी विचारलं, "काय रे, याला कसं कळतं मी कोण ते?"

"मावशी, त्याला तुम्ही कोण ते कळतच नाही," तो म्हणाला. "दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाचा उंचवटा, जबड्याची ठेवण, असलं सगळं मोजतं आणि त्याचे आकडे करून ठेवतं. दुसऱ्या दिवशी परत मोजतं. आकडे पुरेसे जुळले की दार उघडतं."

"पुरेसे म्हणजे किती?"

"ते आम्ही ठरवायचं."

तेव्हा मी हसले होते. म्हटलं, बरं आहे बाबा, आमची सासूबाई पण असंच मोजायची.

मग ताईला सुई टोचली.

गाठोडं दोन्ही हातांनी कवटाळून वरून हनुवटीने दाबून न्यायची तिची सवय होती. हजार वेळा सांगितलं असेल, ताई, तोंड लांब ठेव. ऐकेल तर शपथ. एका गाठोड्यात वापरलेली सुई राहिली होती. ती गालात गेली.

गाल सुजला, मग डोळा मिटला, मग कातडी काळपट पडून ओली राहायला लागली. आणि ही बया कामावर येतच राहिली! घरी बसले तर कायमची घरी बसवतील, म्हणायची. तो वास... गोडसर, कोंदट. मी तिच्या शेजारी उभी राहून तोंडाने श्वास घ्यायचे. माझ्या सख्ख्या जावेच्या शेजारी. काय सांगू.

मशीन तिला ओळखेना. ती रोज समोर उभी राहायची आणि ते रोज लाल व्हायचं. मागे रांग खोळंबायची. शेवटी मुकादमाने त्या पोराला बोलावलं. त्याने काहीतरी ढिलं केलं आणि म्हणाला, "आता थोडाफार फरक चालवून घेईल. आणि रोज जसा चेहरा दिसेल तसा शिकत जाईल. काळजी नको."

मशीन शिकत गेलं. ताईचा गाल रोज थोडा सडायचा, ते रोज थोडं शिकायचं. दार उघडायचं.

शेवटी तिला त्याच दवाखान्यात वर दाखल केलं, पण उशीर झाला होता. शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरला. बोलता येत नव्हतं नीट, ओठ एका बाजूने उघडाच राहिला होता.

"पोरीला इथे आणू नकोस," ती म्हणाली. "तिचं तोंड जप."

तिची पोर म्हणजे आमची बबडी. मला मूलबाळ नाही. एका घरात दोघींनी मिळून वाढवलेली ती. नाकीडोळी इतकी नीटस, की लोक वळून बघायचे. मी ताईला शब्द दिला.

ताई गेली.

आणि त्यानंतरच्याच आठवड्यात ती दुपार आली.

बाकीच्या बायका आंघोळीला गेल्या होत्या. मळकीत मी एकटीच, शेवटची पिशवी बांधत होते. माझी पाठ दाराकडे.

"ओळख पटली. आत या."

टक्...

मी वळले. दारासमोर कुणीच नव्हतं.

दार हळूच उघडलं... थोडा वेळ तसंच राहिलं... आणि मिटलं.

मग तो वास आला. गोडसर, कोंदट.

हातातली पिशवी मी तिथेच टाकली. आणि पुढे गेले. पडद्यावरचा फोटो अजून विझला नव्हता. सुजलेला गाल, मिटलेला डोळा, एका बाजूने उघडा ओठ.

मी मुकादमाच्या केबिनमध्ये गेले आणि त्याला असं झापलं की त्याच्या हातातला चहा सांडला. "मेलेल्या माणसाचा फोटो अजून ठेवलाय? लाज नाही वाटत?"

"अहो, राहून गेलं असेल. आत्ता काढतो," तो म्हणाला. माझ्यासमोर त्याने कॉम्प्युटरवरून तिची नोंद काढून टाकली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी...

"ओळख पटली. आत या."

या वेळी फोटोत गाल नव्हता. गालाच्या जागी दात दिसत होते.

म्हणजे ते मेलं अजून शिकतच होतं!

मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार? पण पलीकडच्या इस्त्रीवालीने स्वतःहून मला गाठलं. ती धुतलेले अभ्रे इस्त्री करून रचून ठेवायची. तोंडाची फटकळ, पण मनाची चांगली.

"बाई, तुमच्या मळकीतलं कोण आंघोळ न करता येतं गं इकडे?" तिने विचारलं.

"का?"

तिने एक अभ्रा पुढे केला. नुकताच धुतलेला, कडक इस्त्रीचा. त्याच्या मधोमध पिवळा, ओला डाग होता. एका बाजूला गालाचा गोल, त्याच्या वर डोळ्याची खोबण, खाली दातांची ओळ.

"रोज एक तरी निघतोय," ती म्हणाली. "कुणीतरी तोंड पुसतंय यांना. ईऽऽ... वास घे."

मला वास घ्यायची गरज नव्हती. मी तिथेच मोरीत ओकले.

त्याच दिवशी मी ठरवलं की काम सोडायचं. आणि संध्याकाळी घरी येते तर काय, बबडी आरशासमोर केस विंचरून बघत होती.

"काकू, मुकादमांचा फोन आला होता. आईच्या जागेवर मला घेतायत. उद्यापासून."

"तू जाणार नाहीस."

"का पण?"

"का म्हणजे? नाही म्हटलं ना!"

पण नीट कारण कुठे सांगता येत होतं मला? माझे थोरले दीर, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "अगं, पोर हातपाय हलवतेय तर हलवू दे की." मी भांडले, रडले, जेवले नाही. बबडी आईसारखीच हट्टी. गेलीच. मग मीसुद्धा काम सोडलं नाही. तिला तिथे एकटी कशी सोडणार?

पहिल्या दिवशी तिचा चेहरा मशीनमध्ये घालायचा होता. मुकादमाने तिला समोर उभं केलं. मशीन क्षणभर थांबलं.

"हा चेहरा आधीच नोंदलेला आहे."

आणि लगेच, "ओळख पटली. आत या."

टक्.

मुकादम खो खो हसला. "घ्या! आईवर गेलीये पोरगी. बरं झालं, माझं काम वाचलं."

"अहो, तिची वेगळी नोंद करा ना!" मी म्हटलं.  "आणि ताईची तर तुम्ही काढली होती!"

"काढली होती, आईशप्पथ. हे कुठून आलं देव जाणे." तो डोकं खाजवत म्हणाला. "पण दार उघडतंय ना? मग नवीन कशाला करत बसू?"

झालं. पोर आईच्या नोंदीवर आत-बाहेर करायला लागली.

मी रोज तिच्या मागे उभी राहायचे. रोज पडद्याकडे बघायचे. समोर बबडी उभी असायची, गोरीगोमटी, आणि पडद्यावर ताई उमटायची. बबडी बिचारी खाली बघत आत जायची. तिने आईचं तसलं तोंड ओळखलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मग एके दिवशी... पडद्यावरचा मिटलेला डोळा उघडलेला दिसला.

तो डोळा ताईचा नव्हता. बबडीचा होता.

पुढच्या दिवशी ओठ मिटला. मग दातांवर कातडी आली. ओली, पातळ, दुधावरच्या सायीसारखी. बघवत नव्हतं. सडलेलं काहीतरी सुधारतंय आणि आपल्याला आनंद व्हायच्या ऐवजी शिसारी येतेय, असं कधी झालंय तुम्हाला?

अभ्र्यांवरचे डाग बंद झाले. इस्त्रीवाली म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे."

आणि बबडी गाल खाजवायला लागली.

"काही नाही गं काकू, घामाने होतंय," असं म्हणायची.

एका दुपारी ती माझ्या पुढे रांगेत होती. मशीन म्हणालं, "ओळख पटली." पडद्यावर बबडी होती. स्वच्छ, सुंदर, अगदी जशीच्या तशी. एकच फरक होता. समोर उभी असलेली बबडी थकून, तोंड पाडून उभी होती.

पडद्यावरची हसत होती.

मी तिचा दंड धरला आणि ओढत बाहेर काढलं. घरचे कपडे नाहीत, चपला नाहीत. कामाच्याच कपड्यांत जिने चढून, सगळ्या दवाखान्यासमोरून, रस्त्यावर. मुकादम मागून ओरडत होता. ओरडू दे मेल्याला.

त्यानंतर आम्ही दोघींनी तिकडे पाऊल टाकलं नाही.

मला वाटलं होतं, पोर वाचली. पण महिनाभराने तिचा स्वतःचा फोन तिला ओळखेनासा झाला. पुन्हा पुन्हा समोर धरायची, कुलूप उघडायचं नाही. "खराब झाला असेल," मी म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी कामाला लागली तर तिथलं मशीन म्हणालं, "चेहरा दिसत नाही. कृपया समोर या." ती समोरच होती हो! नाक जवळजवळ काचेला लागलं होतं.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी लावून गाल बघितला. "कातडी एकदम निरोगी आहे," म्हणाले. "काही झालेलं नाही."

आणि मागच्या आठवड्यात इस्त्रीवालीचा फोन आला.

"काय गं, बबडीला परत कामावर पाठवलंस आणि सांगितलंही नाहीस?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? रोज दुपारी दार उघडतं ना. उघडलं की डोकावून पडद्यावर बघते की मी. काय गोड दिसते गं पोर! पण पुढे होऊन बोलायला जावं तर निघून गेलेली असते. एवढी कसली घाई असते तिला?"

मी फोन ठेवून दिला. बबडी माझ्या शेजारीच बसली होती.

ताई वाईट नव्हती, हे मी कुणासमोरही सांगेन. मरेपर्यंत ती आईच होती. मेल्यानंतर त्या दारातून जे आत-बाहेर करतंय ते ताई आहे की नुसते आकडे आहेत, मला कळत नाही. आणि कळून घ्यायचंही नाही.

मी बबडीचा अभ्रा रोज उकळत्या पाण्यात टाकते. सकाळी परत पिवळा असतो.

तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही. मी उन्हात नेऊन बघितलंय, अगदी जवळून. डाग नाही, पुरळ नाही. पण वास येतो. जेवायला शेजारी बसली की येतो. मी आता तोंडाने श्वास घेते आणि तिला कळू नये म्हणून उगाच बडबड करत राहते.

काल संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. घरातला आरसा तिने भिंतीकडे फिरवून ठेवलाय.

"काकू, खरं सांग. मी कशी दिसते गं?"

मी तिच्याकडे बघितलं. माझी पोर. माझ्या हाताने न्हाऊ-माखू घालून वाढवलेली पोर.

"छान दिसतेस," मी म्हटलं.

मग लहानपणी लावायची तसा तिने माझ्या गालाला गाल लावला... आणि मी तिला ढकलून दिलं.