चराच्या तोंडचे मासे

चामराजपेटच्या कचेरीत आल्या आल्या सोयराबाईनं उभ्यानंच सांगितलं, "अक्का, सोमवारी पंच माझ्या रानात ट्रॅक्टर घालणार. सात वर्षं नांगर न लावता जपलेली माती हो!"

महानंदा अक्का खासगी तपास करायची. चष्मा पुसत तिनं विचारलं, "का?"

"तळ्यातले मासे मेले. मी नांगरत नाही तरी रानात तण नाही, म्हणजे औषध मारते, तेच तळ्यात उतरलं, म्हणून आता नांगरूनच टाकायचं, म्हणतात. माझ्या बांधावर तणनाशकाचा रिकामा डबाही सापडला."

मदतनीस कृष्णातच्या मनात आलं, संपलंच की प्रकरण.

आनेकलजवळच्या त्या रानात मात्र त्यानं काड सारून हात घातला. वर काडाचं जाड पांघरूण, खाली लेकराच्या टाळूसारखी मऊ, ओली माती. उजेडच पोचत नाही, तण उगवणार कुठून? परवाच्या पावसाचं पाणी रानाच्या चरातून अजून तळ्यात खळखळत होतं, अगदी नितळ.

वरच्या अंगाला गुलाब लावणारा नागराज म्हणाला, "फवारणीचा पंप माझा, पण अर्धं गाव मागून नेतं. मला पोहता येत नाही, अण्णा. तळ्याला लांबूनच नमस्कार."

मासेमारीचा मक्ता शिवाप्पाकडे. गावातला एकुलता हरगोल, म्हणजे टोपलीसारखी गोल होडी, त्याचाच. "पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते, अक्का. चराच्या तोंडाशी स्वल्प उरलेत."

तळ्याच्या मधोमध जलपर्णी काळी पडून कुजत होती. काठाची हिरवीगार. कृष्णातनं नाक दाबलं.

सोमवारी बांधावर ट्रॅक्टर घुरघुरत होता. पंच जमले होते.

अक्कानं विचारलं, "कृष्णात, चरातून विष आलं असतं तर मासे आधी कुठं मेले असते?"

"चराच्या तोंडाशी."

"आणि जगलेत तिथंच! सोयराबाईच्या वाहत्या पाण्यावर. बाकीचे गुदमरले. एवढी जलपर्णी एकदम मारली की ती कुजते आणि पाण्यातली हवा खाते. काठावरून फवारली असती तर काठाची जळली असती. जळलीय मधली. तिथं हरगोलाशिवाय कोण पोचतं?"

शिवाप्पा बांधावर बसून रडू लागला. "जलपर्णीत जाळं अडकून फाटायचं हो. औषध सोपं वाटलं. मासे मरायला लागले तसा घाबरलो, डबा हिच्या बांधावर टाकला."

ट्रॅक्टर बंद झाला.

सोयराबाईनं पदर खोचला. "रडतोस काय? ऊठ. कुजकी आधी बाहेर काढायची, उरलेले तरी जगतील."

आणि तीच पहिली पाण्यात उतरली.